नवे गणित आणि जुनी संक्रांत

नवे साधन हाती आले म्हणजे जुने लगेच टाकावे, की त्याला आणखी काही काळ चालवावे, हा प्रश्न सुतारापासून सरकारापर्यंत सर्वांस पडतो. हल्ली तो ज्यांना वारंवार पडतो अशी मंडळी मुंबई-पुण्याच्या संगणक-कचेऱ्यांत बसलेली असतात. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यापुढे एखादी नवी ‘चौकट’ येऊन उभी राहते. तरुण मंडळी म्हणतात, ही घेतलीच पाहिजे. जुनी जाणती मंडळी म्हणतात, चालते आहे त्याला हात कशाला लावता? आणि निर्णय ज्याच्या हाती असतो तो अधिकारी दोन्ही पक्षांची तोंडे पाहत बसतो.

ही चौकट म्हणजे काय, ते प्रथम सांगणे अवश्य आहे. मोबाइलवर विजेचे बिल भरताना, रेल्वेचे तिकीट काढताना किंवा बँकेतील शिल्लक पाहताना जे पान डोळ्यांपुढे येते, ते छापील पानासारखे निश्चल नसते. कळ दाबली की यादी उघडते, आकडा बदलला की बेरीज बदलते, चूक झाली की तांबडी अक्षरे उमटतात. पानाला हे चलनवलन देणारी भाषा ती जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला सांगाडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. पुढे तिचा पसारा इतका वाढला, की प्रत्येक पानासाठी पहिल्या अक्षरापासून सारे लिहीत बसणे परवडेनासे झाले. म्हणून नेहमी लागणारी कामे आधीच करून ठेवलेली आणि कोणती गोष्ट कोठे लिहावी याची शिस्त घालून दिलेली अशी तयार मांडणी लोक वापरू लागले. तिलाच ते फ्रेमवर्क किंवा चौकट म्हणतात. २००६ साली जेक्वेरी हा तयार साधनांचा संच निघाला. २०१० साली गूगलची अँग्युलर, २०१३ साली फेसबुकची रिअॅक्ट, २०१४ साली इव्हान यू यांची व्ह्यू आणि २०१६ साली रिच हॅरिस यांची स्वेल्ट अशी एकामागून एक नावे पुढे आली. एकदा सारे काम एका चौकटीत बांधले, की ते दुसरीत नेणे हे बिऱ्हाड हलविण्याइतके सोपे राहत नाही. उभ्या घराचे वासे बदलण्यासारखे ते असते.

हा कारागिरांचा प्रश्न आहे, गृहस्थाश्रमी माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु चौकट बदलते त्या दिवशी पेन्शनची रक्कम पाहणाऱ्या आजोबांना नेहमीची कळ नेहमीच्या जागी सापडत नाही, आणि ज्या जुन्या मोबाइलवर काल तिकीट मिळत होते त्यावर आज कोरे पान दिसते. निर्णय कचेरीत होतो. त्याचा ताप मात्र घरात पोहोचतो. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार घरानेही करावयास हरकत नाही.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. विजेवर चालणारा संगणक निघण्यापूर्वी सुमारे सव्वाचारशे वर्षे ह्या किनाऱ्यावर गणिताची एक चौकट तयार झाली. तीन शतकांहून अधिक काळ ती घराघरांतील सणवार ठरवीत राहिली. आणि ती बदलावी काय, हा वाद उभा करणारा पुरुषही ह्याच किनाऱ्यावर जन्मास आला. अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता प्रथम नागावातून जातो, पुढे रेवदंडा लागते, मग काशीद, आणि काशीदच्या पलीकडे नांदगाव. सिद्धिविनायकाच्या देवळामुळे पुष्कळांस ठाऊक असलेले हे नांदगाव म्हणजे संस्कृत ग्रंथांतील नंदिग्राम होय. ती चौकट नांदगावी तयार झाली, आणि ती बदलू पाहणारा गणिती नागावचा.

नांदगावी केशव दैवज्ञ नावाचे मोठे ज्योतिषी राहत. त्यांनी ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, आणि वडिलांच्या ग्रंथाची जागा मुलाच्या ग्रंथाने घेतली. लाघव म्हणजे हलकेपणा. ग्रंथाच्या नावातच त्याचे प्रयोजन सांगितलेले आहे. जुन्या रीतीने एखाद्या दिवशी मंगळ कोठे आहे हे काढावयाचे तर कलियुगाच्या आरंभापासून त्या दिवसापर्यंत गेलेले दिवस मोजावे लागत. गणेशांच्या काळी ही संख्या सोळा लाखांच्या वर गेली होती. एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार करावयाचे, नंतर ज्या आणि चाप यांचे, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीचे, किचकट गणित करावयाचे, आणि हे सारे पाटीवर धूळ टाकून किंवा कागदावर बोरूने! एका ठिकाणी एक अंक चुकला की पुढचे सर्व व्यर्थ.

गणेशांनी दोन युक्त्या केल्या. अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र मानले. झालेली चक्रे वेगळी काढली की हाती उरणारी दिवसांची संख्या ४०१६ च्या आतच राहते. दुसरी युक्ती अशी, की ज्या-चापांचे गणित अजिबात काढून टाकून त्याऐवजी सोप्या गुणाकार-भागाकारांनी जवळजवळ तेच उत्तर मिळेल अशा रीती बसविल्या. तिथी काढण्यासाठी त्यांनी १५२५ साली ‘तिथिचिंतामणि’ हा कोष्टकांचा ग्रंथ वेगळा केला. अमुक सिद्धान्त आपल्या परंपरेचा म्हणून तोच खरा, असा हट्टही त्यांनी धरला नाही. जो ग्रह ज्या पक्षाप्रमाणे आकाशातील वेधाशी जुळला, तो त्या पक्षाप्रमाणे घेतला. परिणाम असा झाला, की खेड्यातील सामान्य जोशीबुवाही आपल्या ओसरीवर बसून पुढील वर्षाचे पंचांग तयार करू लागले. ग्रहलाघव महाराष्ट्रात, गुजरातेत, कर्नाटकात पसरले. कोणत्याही राजाने त्यासाठी आज्ञापत्र काढले नव्हते. ज्याला काम करावयाचे त्याचे श्रम त्याने कमी केले, एवढे कारण पुरेसे झाले.

परंतु ग्रहांच्या गतीत बारीक चूक राहिली, तर ती दरसाल साठत जाते. शिवाय चंद्राच्या गतीतील काही मोठे फेर जुन्या गणितात मुळी धरलेलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातील ग्रहणाची वेळ आणि आकाशातील ग्रहणाची वेळ यांत उघड अंतर पडू लागले, आणि तिथीचा अंतही प्रसंगी काही तासांनी चुकू लागला. सोपी रीत हाताला इतकी वळली होती, की ती चुकते आहे इकडे बहुतेकांचे लक्षच नव्हते. सुलभ साधनाचा हा एक दोष असतो. ते वापरणाऱ्याला आकाशाकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

ज्यांनी पाहिले त्यांत केरो लक्ष्मण छत्रे अग्रणी होते. केरूनानांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागावी झाला. १८४० च्या सुमारास, वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. पुढे पुण्यास गणित आणि सृष्टिशास्त्र यांचे अध्यापक म्हणून त्यांची कीर्ती झाली. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. युरोपात तयार झालेल्या नव्या सूक्ष्म गणिताच्या आधारे त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला, आणि शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू झाले. त्यालाच पटवर्धनी पंचांग म्हणतात.

ह्या नव्या पंचांगात दोन बदल एकाच वेळी झाले, आणि सर्व वादाचे मूळ तेथे आहे. पहिला बदल गणिताच्या अचूकपणाचा. सूर्य-चंद्र आकाशात जेथे दिसतील तेथेच ते पंचांगात दाखवावयाचे. त्यावरही शास्त्री मंडळींत वाद झाले. परंतु ग्रहण सर्वांच्या डोळ्यांपुढे लागते आणि सुटते, त्याला साक्षीदार शोधावा लागत नाही. त्यामुळे हा बदल आज ना उद्या पटण्यासारखा होता.

दुसरा बदल निराळ्या जातीचा होता. राशिचक्र हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळाला आरंभ नसतो. तो कोठेतरी मानावा लागतो. वसंतसंपातापासून हा मानलेला आरंभ किती अंशांवर आहे, त्याला अयनांश म्हणतात. ग्रहलाघवाची रीत अशी, की शकाच्या अंकातून ४४४ वजा करावे आणि बाकीला ६० ने भागावे. शके १७८७ साठी हे २२ अंश २३ कला येतात. केरूनानांनी म्हटले, की प्राचीन ग्रंथांत रेवती नक्षत्राची योगतारा आरंभस्थानी सांगितली आहे. तर ती तारा आकाशात जेथे आहे तेथूनच मोजावयास आरंभ करू. तर्काच्या दृष्टीने ही बाजू पोकळ नव्हती. पण त्या ताऱ्याप्रमाणे अयनांश सुमारे १८ च आले. चार अंशांहून अधिक फरक पडला. आणि सूर्य रोज सुमारे एक अंश चालत असल्याने प्रत्येक संक्रांत सुमारे चार दिवस आधी आली.

आता घरात काय झाले ते पाहावे. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतरावरून ठरते. आरंभस्थान कोठेही मानले तरी त्या अंतरात फरक पडत नाही. परंतु अधिक मास ठरतो तो संक्रांतीवरून. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक. संक्रांत चार दिवस सरकली की काही वर्षी अधिक मासही बदलतो. आणि एका पंचांगाप्रमाणे तो भाद्रपदाच्या आधी व दुसऱ्याप्रमाणे नंतर आला, तर एका घरचा गणपती एक महिना आधी व त्याच्या चुलत्याच्या घरचा एक महिना मागून बसावयाचा! श्राद्ध कोणत्या महिन्यात करावे, मुंज केव्हा काढावी, माहेरवाशिणीला केव्हा आणावे, हे प्रश्न गणित्याला क्षुल्लक वाटतील. कुटुंबाचे वर्ष मात्र त्यांवरच बांधलेले असते. लोकांनी अचूक गणित नाकारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अचूक गणिताबरोबर आपले घर शेजारच्या घरापासून तुटते, हे त्यांनी नाकारले. टिळकांनी पुढे ह्या पक्षाचा पुरस्कार केला, आणि टिळक पंचांग मानणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांची मकरसंक्रांत इतरांच्या आधी येते. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत हे पंचांग शिरले नाही.

मग अचूक गणित घरात आलेच नाही काय? आले; पण दुसऱ्या वाटेने. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या सूक्ष्म गणितावर ग्रंथ लिहिले, आणि पुढे आरंभस्थान ठरविण्यासाठी चित्रा ताऱ्याचा आधार घेण्याचा पुरस्कार केला. चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू आरंभ मानला, तर १८६५ साली अयनांश जवळजवळ २२ येतात. ग्रहलाघवाशी फरक अर्ध्या अंशाहूनही कमी. म्हणजे ग्रहणाची वेळ बरोबर, तिथी बरोबर, आणि घरची संक्रांत मात्र प्रायः होती तेथेच! १९५२ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. १९५५ साली तिचा अहवाल आला, आणि अयनांशाच्या बाबतीत तिनेही चित्रापक्षच मान्य केला. आज मराठी घरांच्या भिंतींवर जी पंचांगे आणि दिनदर्शिका दिसतात, त्यांतील बहुतेकांचे गणित सूक्ष्म आणि पक्ष चित्रेचा आहे. ग्रहलाघवाचे गणित त्यांच्यातून गेले. ते कोणत्या दिवशी गेले हे घरात कोणाला कळलेही नाही.

किनाऱ्यावरील दुसरे उदाहरण याच्या पुढचा धडा देते, आणि केरूनानांच्या आयुष्याशीच त्याचा धागा जुळतो. ज्या कुलाबा वेधशाळेत ते मुलगा असताना लागले, तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप होत असे. होकायंत्राची सुई ज्या शक्तीने फिरते, ती शक्ती दिवसा-रात्रीत आणि वर्षानुवर्षे कशी कमी-जास्त होते, याची ती नोंद होती. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी सूर्यावरील क्षोभामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले, तेही कुलाब्याच्या नोंदवहीत उतरले. आणि २००३ साली त्या वादळाचा जोर ठरविताना शास्त्रज्ञांनी त्याच जुन्या आकड्यांचा आधार घेतला. साखळी अखंड असेल तर शंभर-दीडशे वर्षांनंतरही अशी किंमत येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. ट्रामच्या तारांतील विजेने जवळच्या चुंबकीय मापकांत गोंधळ होणार, हे निश्चित होते. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस होते. त्या पदावर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. आता येथे जुने टाकण्याला खरे कारण होते. हौस नव्हती, की परदेशातील कोणी नवे केले म्हणून ईर्षा नव्हती. जुन्या जागी काम होणे अशक्य होणार होते. नवी जागा निवडली ती अलिबाग. मुंबईपासून समुद्राच्या पलीकडे सुमारे तीस किलोमीटर. म्हणजे ट्रामच्या उपद्रवापासून दूर, परंतु जुन्या आणि नव्या नोंदींची तुलना करता येईल इतकी जवळ. लोखंडाचा स्पर्श नसलेल्या इमारती पोरबंदरी दगडात बांधल्या. १९०४ साली अलिबागेस मोजमाप सुरू झाले.

परंतु १९०४ साली कुलाब्याचे काम बंद केले नाही, हीच ह्या कथेतील मुख्य गोष्ट आहे. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले. दोन जागा, दोन नोंदवह्या, दुप्पट श्रम. एखाद्या काटकसरी हिशेबनिसाने विचारले असते, की एकच आकडा दोनदा कशासाठी मोजता? त्याचे उत्तर असे, की दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावाचून नव्या आकड्याचा जुन्याशी संबंध कळत नाही. आणि तो संबंध कळला नाही, तर साठ वर्षांचे श्रम आणि पुढील सर्व वर्षांचे श्रम यांच्यामध्ये कायमची दरी पडते. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचे काम तुलनेसह पूर्ण उभे होते. ती वेधशाळा आजही चालू आहे. तिच्यातील साधने पुढे कितीदा तरी बदलली, कागदावरील नोंद जाऊन अंकीय नोंद आली, पण १८४१ पासूनचा धागा तुटला नाही.

हे तीन दाखले हाती घेऊन आता पुन्हा जावास्क्रिप्टच्या चौकटीकडे वळावे. समजा, मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईस उतारू नेणाऱ्या एखाद्या मंडळीचे तिकीटघर संकेतस्थळावर चालते, आणि तेथील कारागीर म्हणतात, की आमची चौकट जुनी झाली, नवी घेऊ. त्यांना प्रथम विचारावे, की ट्राम आली आहे काय? म्हणजे जुन्या चौकटीत काम होणे खरोखर अशक्य झाले आहे, की केवळ तिची चर्चा मावळली आहे? जेक्वेरीची चर्चा केव्हाच मावळली. तरी जगातील असंख्य संकेतस्थळांत ती आजही निमूटपणे काम करीत आहे. उलट, चौकट करणाऱ्यांनीच तिची डागडुजी थांबविली, तर ती ट्राम खरीच आली असे समजावे. जुन्या अँग्युलरची डागडुजी २०२१ च्या अखेरीस थांबली, व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीची २०२३ च्या ३१ डिसेंबरला. चोरांना वाट देणारी एखादी फट त्यानंतर सापडली, तर ती बुजविण्यास मूळ कारागीर येणार नाहीत. तेथे जुन्याला कवटाळून बसणे म्हणजे ग्रहण चुकत असता ग्रहलाघवाची पोथी उघडून बसणे होय.

दुसरा प्रश्न भाराचा. गणेश दैवज्ञांनी भार हलका केला तो पंचांग करणाऱ्याचा. परंतु त्यामुळे पंचांग वाचणाऱ्यावर काही नवा भार पडला नाही. चौकटींच्या बाबतीत मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. चौकट कारागिराचे श्रम वाचविते. पण तिचा संभार पुष्कळदा उतारूच्या मोबाइलवर जाऊन पडतो, कारण पानाबरोबर तिचे स्वतःचे शेकडो पानांचे लिखाणही तारेवरून यावे लागते, आणि ते वाचून काढण्याचे काम त्या मोबाइलनेच करावयाचे असते. मुंबईच्या कचेरीत, नव्या संगणकावर, हे क्षणात होते. भर पावसाळ्यात धक्क्यावर छत्री सावरीत उभ्या असलेल्या, चार वर्षांपूर्वीचा स्वस्त मोबाइल बाळगणाऱ्या कोळीणबाईला ते क्षणात होत नाही. म्हणून चौकटीची परीक्षा कचेरीत न करता धक्क्यावर, त्या मोबाइलवर, मंद तारेवर करावी. लाघव कोणाचे, हे पाहिल्यावाचून लाघवाची स्तुती करू नये.

तिसरा प्रश्न संक्रांतीचा. आतील गणित बदलताना बाहेरचे काय हलते? २०१६ साली गूगलने अँग्युलरची नवी आवृत्ती काढली, ती मुळापासून नव्याने लिहून. गुण पुष्कळ होते. पण जुन्या आवृत्तीत लिहिलेले काम तिच्यात जसेच्या तसे चालेना. केरूनानांच्या पंचांगाप्रमाणे अचूकपणाबरोबर आरंभस्थानही हलले होते. दोन्ही आवृत्ती काही काळ एकत्र चालविण्याची सोय पुढे करून दिली, तरी त्या फेऱ्यात कित्येकांनी दुसरी चौकट पाहिली. रिअॅक्टच्या मंडळींनी २०१९ साली लिहिण्याची एक अगदी नवी रीत आणली. परंतु जुन्या रीतीने लिहिलेले काम त्याच आवृत्तीत चालू राहील असे केले, आणि ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने बदलावे असे सांगितले. हा चित्रापक्ष झाला. जी चौकट जुन्या कामाशेजारी, एका पानाच्या एका कोपऱ्यापासून, बसविता येते, तिचा विचार आधी करावा. आणि जिला सारे घर एकदम मोकळे करून लागते, तिच्याविषयी दहादा विचार करावा.

शेवटी माणसांचा आणि काळाचा प्रश्न. ग्रहलाघव टिकले, कारण ते चालविणारा जोशी गावोगावी मिळत होता. ज्या चौकटीचा जाणकार सबंध तालुक्यात एकच आहे, तिच्यात तिकीटघर बांधणे धाडसाचे. तो एक गृहस्थ दुसरीकडे नोकरीस गेला की किल्ली हरवली. आणि बदलाचा निर्णय झालाच, तर अलिबागची दोन वर्षे आठवावीत. नवे तिकीटघर उघडले म्हणून त्याच रात्री जुन्याला कुलूप घालू नये. काही उतारू नव्याने, बाकीचे जुन्याने, असे काही महिने दोन्ही चालवावे. रोज संध्याकाळी दोन्हींचा हिशेब शेजारी ठेवून पडताळावा. आणि महिनोन्महिने पैचाही फरक न निघाल्यावरच जुने मिटवावे. ह्याला खर्च अधिक येतो, हे खरे. परंतु अर्धवट तुटलेला हिशेब सांधण्याचा खर्च त्याहून फार मोठा, आणि तो बहुधा ज्यांनी निर्णय घेतला नाही त्यांनाच भरावा लागतो.

नवे घेऊ नये, असा ह्याचा अर्थ कोणी करील तर तो किनाऱ्याच्या इतिहासाशी द्रोह होईल. नांदगावी मुलाने वडिलांचा ग्रंथ मागे टाकला, नागावच्या पुत्राने नांदगावचा ग्रंथ चुकतो असे निर्भयपणे सांगितले, आणि अलिबागेस साठ वर्षांची वेधशाळा समुद्र ओलांडून आली. तिन्ही वेळा नवे आले ते योग्यच होते. केरूनानांच्या अचूक गणिताला घराघरांत शिरण्यास दुसरी वाट शोधावी लागली, ती केवळ संक्रांत हलल्यामुळे. तेवढे अंतर निर्णय घेणाऱ्याने आधी मोजून घ्यावे, म्हणजे कारागिरांना नवी चौकट मिळेल, आणि धक्क्यावरच्या उतारूला त्याचे तिकीट नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी मिळत राहील.